जेलीतलं हृदय

हॅलो? … हॅलो, पेई-रुंग? जरा मोठ्याने बोल गं, इथे बोटीचा भोंगा वाजतोय… हां, आता येतंय ऐकू. … नाही नाही, वर्ग केव्हाच संपला. सकाळी वर्ग आणि दुपारी भटकंती, असंच आखलंय त्यांनी. सगळे जनावरांचे डॉक्टर आता काओश्युंगभर पांगलेत… मी? आईला घेऊन पलीकडच्या बेटावर जायच्या बोटीच्या रांगेत. किती वर्षं सांगतेय तिला, मोठं बंदर दाखवते, मोठी जहाजं दाखवते…

… काय? … थांब. परत सांग, हळू. कोण कोसळलं?

… मान्तौ? लिएन मावशींचा मान्तौ? अगं, काल मी स्टेशनवर निघाले तेव्हा मावशींच्या नाश्त्याच्या दुकानापुढे पसरला होता की. शेपूटही हलवली त्याने…

हो, हो… अगं ऐक ना. ऐक. रडतेयस? … बरं, नाही रडत. मावशी कुठे आहेत? … तिथेच उभ्या आहेत? मग 'मला भीती वाटतेय' हे त्यांच्यासमोर पुन्हा म्हणू नकोस. मला म्हण, पण कोपऱ्यात जाऊन.

… मी कशी येऊ? आत्ता गाडी मिळाली तरी आपल्या क्वानशानला पोचेपर्यंत अंधार पडेल. … ताईतुंगच्या मोठ्या दवाखान्यात फोन केलास? … ऑपरेशन चालू आहे, संध्याकाळी आणा म्हणतात. … हं. म्हणजे तिथे तू आहेस, आणि फोनवर मी. एवढ्यात भागवायचंय.

ओठ वर कर त्याचा. हिरड्या? … पांढऱ्या. अगदी कागदासारख्या? … नाडी बघ, मांडीच्या आतून. … लागतेय न लागतेय. पोट? … थोडं फुगलंय. बरं, स्टेथोस्कोप लाव. … 'लांबून' म्हणजे कसं? … रजईखालून दार वाजवल्यासारखं?

… पेई-रुंग, सोनोग्राफीचं मशीन जवळ ओढ. … ओढ तर आधी. सकाळी आम्हाला नेमकं हेच शिकवलंय.

… चालू होत नाही म्हणजे? … पडदा निळा होऊन अडकलाय. वर पाकीट आहे ना? … अगं, खाऊचं पाकीट, मशीनने गुणी वागावं म्हणून वर ठेवतो ते! … पिवळं? पिवळं कोणी ठेवलं? … दुकानात हिरवं संपलं होतं म्हणून? अख्ख्या तैवानातली यंत्रं हिरव्या पाकिटाच्या धाकात चालतात, आणि तू पिवळं ठेवून मोकळी! … हो, माहितीये मी विज्ञान शिकलेय. तूही शिकलीयस. तरी उचल ते. … उचललंस? आता मागचं बटण दाबून धर. धरूनच ठेव. सोड. पुन्हा लाव. … आलं? … पाकिटामुळे की बटणामुळे, हा वाद उद्या घालू.

आई, तू बैस जा बोटीत, मी येते मागून… बरं, नको जाऊस. पण टोमॅटोच्या फोडी इथेच खाऊन घे, त्यांच्यावरचा आल्याचा रस सांडतोय बघ कपड्यांवर!

हां, बोल. उजव्या बाजूने बघ, कोपर छातीला टेकतं ना, तिथे. जेल भरपूर लाव. … काय दिसतंय? … काळं कडं. सगळ्या बाजूंनी? आणि हृदय मध्ये डोलतंय… 'पोहतंय'. बरोबर शब्द काढलास.

ऐक आता. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलंय. हृदयाला आकसायला येतंय, पण फुलायला जागा नाही. ते रक्त काढलं की सुटेल. … नाही, औषधाने नाही. लघवीचं इंजेक्शन तर मुळीच देऊ नकोस. सलाईन चालू ठेव. … सुईने काढायचं. … आज म्हणजे आत्ता.

… मी किती वेळा केलंय? … खरं सांगू? जिवंत कुत्र्यावर एकदाही नाही. आज सकाळी जेलीवर केलं. भांडंभर जेली, तिच्यात लाल पाण्याचा फुगा, फुग्यात पिंगपाँगचा चेंडू. चेंडू म्हणजे हृदय. पहिल्या खेपेला माझी सुई चेंडूवर टक्कन आपटली. अख्ख्या वर्गाला ऐकू गेलं. माझ्या शेजारी ताइपेचे एक बडे डॉक्टर, त्यांनी तर जेलीच मांडीवर घेतली! … हसलीस ना? बरं झालं. दुसऱ्या खेपेला जमलं मला. आणि तुझा हात माझ्याहून स्थिर आहे. मांजराच्या शिरेत सुई घालतेस तेव्हा बघते ना मी.

… पेई-रुंग. तू सुई लावलेलं ते पिल्लू तुझ्यामुळे गेलं नाही. … नाही. आलं तेव्हाच अर्धं गेलेलं होतं ते. मी तेव्हाही सांगितलं, तुझ्या कानात शिरलं नाही. तेव्हापासून मी शेजारी नसले तर तू सुई हातात घेत नाहीस. म्हणून तर हा आठवडा निवडला मी. … हो, मुद्दाम. वर्ग पुढच्या महिन्यातही होता, तेव्हा बदली डॉक्टरही मिळत होते. आईला बंदर दाखवायचं होतं, मला शिकायचं होतं, सगळं खरं. पण हाच आठवडा, तू एकटी असताना, हे मुद्दाम. … घाल शिव्या, नंतर घाल. आधी मावशींना फोन दे.

मावशी? मी युन-चिए बोलतेय. … हो मावशी. … तुमच्याशी खोटं नाही बोलणार. काहीच केलं नाही तर संध्याकाळ काढणार नाही तो. केलं तर बरीच आशा आहे. … कोण करणार म्हणजे? डॉक्टर करणार. तुमच्यापुढे उभी आहे ती. … 'ती पोरगी' नाही मावशी, डॉक्टर. तुम्ही फक्त त्याचं डोकं धरा आणि कानाशी बोलत राहा, दुकानात बोलता तसंच. … चालेल, शिव्या द्या की! त्याला तुमचा आवाज ओळखीचा हवा. … हो. द्या तिला. स्पीकरवर ठेवायला सांगा.

ठेवलंस? केस काढले? … ईसीजीचे चिमटे लाव, ठोके अडखळले की लगेच मागे ये. बधिर केलंस? … फासळीच्या पुढच्या कडेने जायचं, मागच्या कडेला रक्तवाहिनी असते. … हो गं, तुला माहितीये, मी आपली माझ्यासाठी बोलतेय. पडद्यावर सुईचं टोक दिसतंय? … मग आता मी गप्प बसते. तू बघ आणि जा.

…

…

आई, श्श.

… आलं? कसल्या रंगाचं? … गडद. थांब, पुढे ओढू नकोस अजून. थोडं साध्या नळीत घे आणि बाजूला ठेव. गोठलं, तर आपण थेट हृदयात शिरलोय. नाही गोठलं, तर पिशवीतलं आहे. … सुई जिथे आहे तिथेच. ठोके कसे आहेत? … ठीक. मावशींना म्हणावं नळी तिरकी करा. … काय होतंय? … थांबा अजून. परत तिरकी करा.

… नाही आई, अजून नाही कळलं. धर माझा हात.

… वाहतंय? मावशी, काचेला चिकटत नाही ना? … पाण्यासारखं वाहतंय! पेई-रुंग, ओढ. ओढत राहा. एक सिरिंज भरली की तोटी फिरव, दुसरी लाव…

… नाडी? … लागली? … चांगली लागली? … मावशी का ओरडतायत? काय झालं? … जीभ गुलाबी! … अहो धरा त्याला, धरा, उठू देऊ नका, सुई आहे आत!

… हं.

… हं. काढलीस सुई? दाबून धर जागा. … मी? मी कुठे रडतेय? वारा आहे इथे.

ऐक, पुढचं नीट ऐक. रक्त का साठलं ते अजून कळलेलं नाही. गाठ असेल, कदाचित काहीच नसेल. उद्या मी आले की दोघी मिळून बघू. … हो, मावशींना सांग हे. आजच सांग, गोड करून नको. आज तो घरी जाणार नाही, तुझ्याजवळ राहील. अंधार पडायच्या आत पुन्हा मशीन लाव, परत साठतंय का बघ. साठलं तर काय करायचं? … बरोबर. कोण करणार? … बरोबर.

मी आजच्याच गाडीने निघू का? तू सांग. … नको? … परत म्हण. … नको म्हणतेयस! आई, ऐकलंस का, ती 'नको' म्हणतेय.

… पिवळ्या पाकिटाचं काय? … मावशींनी फोडून खाल्लं? एवढ्या गोंधळात? … घाबरल्या की भूक लागते त्यांना! बरं झालं, मशीनवरची साडेसाती गेली. आईला इथल्या दुकानात हिरवी दिसलीयत. … अगं किती घेतेयस आई? … ती म्हणते, एक मशीनसाठी आणि एक तुझ्यासाठी. तुझ्या डोक्यावर ठेवायला.

बरं, त्या सुईच्या जागेवर उद्यापर्यंत लक्ष ठेव, आणि सलाईनचा वेग जरा… हॅलो? … पेई-रुंग? … हॅलो?

आई, रेंज गेली वाटतं. … नाही, रेंज तर आहे सगळी.

… अगं, फोन बंद होण्याआधी तिच्या मागे दवाखान्याच्या दाराची घंटा वाजली होती बघ. कोणीतरी विचारलं, 'डॉक्टर आहेत का?' आणि ही म्हणाली, 'आहे.'

… हो. तिनेच फोन ठेवला.

चल, चल, बोट लागली. दे ती पिशवी इकडे.