दुलईला ऊन दाखवायचं होतं, एवढंच

…आणि वर मलाच म्हणतात, चिमटे चोरले! अहो, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात हॉटेलातली बडीशेपसुद्धा चिमूटभराच्या वर उचलली नाही, तो माणूस कपड्यांचे चिमटे चोरेल? प्लॅस्टिकचे? पण नाही. सकाळी सकाळी अख्ख्या सोसायटीतल्या बायका दुलया छातीशी कवटाळून माझ्याभोवती उभ्या, आणि मधोमध चौ मावशी, कंबरेवर हात ठेवून… म्हणजे हातात दुलई होती, हात कंबरेवर ठेवणार कुठून, पण तुम्हाला सांगतो, आविर्भाव कंबरेवर हात ठेवल्याचाच होता. आणि मी मागत काय होतो? पैसा? अडका? ऊन मागत होतो हो. ऊन काय कुणाच्या बापाचं असतं का?

पण तुम्हाला नाही कळायचं ते. तुम्ही उन्हातली माणसं. तुम्ही ऊन दिसलं की पडदा ओढता आणि पंखा लावता. आम्ही चीनमधल्या निंगबोत राहतो. निंगबोची थंडी आकड्यात बघाल तर काहीच नाही, लोक म्हणतात, हॅ, एवढीच? पण ती ओली असते. पाऊस पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबलाय म्हणावं तर थांबत नाही, आणि घर तापवायची सोय सरकारनं केलीय ती उत्तरेतल्या लोकांना. यांग्त्झे नदीच्या खाली राहणाऱ्यानं कोट घालून जेवायचं, कोट घालून भांडी घासायची. चपलेला बुरशी येते. टॉवेल आठवडाभर दोरीवर असतो आणि आठवडाभर ओलाच असतो. आणि दुलईत शिरलं की असं वाटतं, कुणीतरी आत्ताच भिजून आलं होतं आणि झोपून गेलं.

आता मी तिथं काय करतो? विचारलात ना मनातल्या मनात? विचारलात. चेहरे दिसतात मला. माझी बायको ऊर्मिला बंदरावरच्या एका कंपनीत मोठी इंजिनियर आहे, आणि मी घर बघतो. झालं समाधान? सासूबाईंचं नाही झालं अजून. त्या चंद्रपूरच्या. दर रविवारी फोन. "ऊर्मे, जावई काय करून राहिले?" ही सांगते, घर बघतोय. "हो, ते कळलं माय, घर बघून राहिले. पण करून काय राहिले?"

तर या सासूबाई येणार होत्या. दुसऱ्या दिवशी. विमानातून उतरून थेट माझ्या घरात, म्हणजे तपासणीलाच म्हणा ना. आणि ऊर्मिला सकाळी बुटांची नाडी बांधता बांधता मला म्हणते, "हे बघ हेरंब, आईचे सांधे दुखतात. ती जर त्या ओल्या गादीवर झोपली ना, तर सकाळी चंद्रपूरला फोन जाईल, की हा माणूस दिवसभर घरात असतो आणि याला एक गादी कोरडी ठेवता येत नाही. आणि मी काय सांगू तिला? बाजू तरी कुठल्या तोंडानं घेऊ तुझी?" गेली. दार लागलं. म्हणजे बघा, माझी सगळी अब्रू एका गादीवर आणि एका दुलईवर येऊन ठेपली, आणि दोन्ही ओल्या!

आणि त्याच सकाळी ऊन पडलं.

किती दिवसांनी पडलं विचारू नका. मी खिडकीतून बघितलं तर जमिनीवर सावल्या. स्वतःची सावली बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला. दुलई या खांद्यावर, गादी डोक्यावर, लिफ्टमध्ये कसाबसा मावलो, आणि खाली. आता आमच्या सोसायटीच्या मधल्या चौकात म्हाताऱ्यांच्या व्यायामाच्या दांड्या आहेत, बागेभोवती कठडा आहे, बॅडमिंटनची जाळी आहे. ऊन पडलं की त्यावर व्यायाम कोणी करत नाही आणि बॅडमिंटन कोणी खेळत नाही, सगळीकडे दुलया. हे मी ऐकून होतो. पण मी इतका लवकर गेलो होतो की सगळा चौक मोकळा. कोणी नाही. फक्त दांड्यांवर इथे एक लाल चिमटा, तिथे एक निळा, पलीकडे हिरवा. म्हटलं, लोक विसराळू. कपडे नेले आणि चिमटे राहिले.

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा. आम्ही आधी कंपनीच्या इमारतीत राहायचो, तिथं कपडे वाळवायचं यंत्र होतं, या सोसायटीतला आमचा हा पहिलाच हिवाळा. मला काय स्वप्न पडलंय, की दांडीवर चिमटा म्हणजे सातबारा? मला आईनं शिकवलंय, सापडलेली वस्तू परत करावी. मी सगळे चिमटे गोळा केले. एकूण एक! आणि फाटकावरच्या हू काकांच्या चौकीत, बिस्किटाच्या डब्यात, नीट ठेवून आलो. हू काका नूडल्स खात होते, त्यांनी मानही वर केली नाही. आणि मग मी मधल्या दांडीवर, भर उन्हात, माझी गादी पसरली, दुलई पसरली, चार पावलं मागे सरून बघितलं. असा देखावा सांगतो तुम्हाला, डोळ्यांत पाणी आलं.

आणि तेवढ्यात तीन नंबरच्या इमारतीचं दार उघडलं.

चौ मावशी. ही बाई कापडाच्या गिरणीत सुपरवायझर होती, निवृत्त झाली, पण गिरणीलाच ते कळलं, हिला अजून कळलेलं नाही. तिच्यामागे बाकीच्या. मावशी दांडीपाशी आली, माझ्या गादीकडे बघितलं, दांडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ए इंदू."

हे माझं नाव. तिकडे भारताला यिंदू म्हणतात, त्यामुळे सोसायटीत मी इंदू. मिशीवाला, टक्कल पडत चाललेला इंदू. सवय झालीय.

"ए इंदू, माझा निळा चिमटा कुठाय?"

मी हसत म्हटलं, "मावशी, काळजी करू नका, चौकीत ठेवलाय, हरवला असता ना!"

झालं, मी चिमटेचोर! मग एकदम सगळ्या. "माझा लाल!" "लाल माझा, तुझा गुलाबी होता!" "गुलाबी कसा, उन्हानं उडालेला लाल आहे तो!" हू काकांचा डबा आणला, दगडी बाकावर उपडा केला, आणि मग काय, वर्षानुवर्षं कोणाची दांडी कुठली हे जे सगळ्यांनी मुकाट्यानं मान्य केलेलं होतं, ते सगळं उघड्यावर आलं. पाच नंबरवाली म्हणते, कोपरा माझ्या सासूचा होता, सासू गेली, आता माझा. दुसरी म्हणते, सासू तर माझ्याकडून मागून घ्यायची. कोणाची तरी जुनी उसनी कढई निघाली. आणि मी मधे उभा राहून म्हणतोय, अहो बायांनो, ऊन काय कुणाच्या बापाचं असतं का?

हे मी बोलायला नको होतं.

चौ मावशीनं माझी दुलई उचलली. घडी घातली. घडी अशी सुरेख घातली की तेवढ्यातही मला कौतुक वाटलं. माझ्या हातात दिली. "परदेशी आहेस म्हणून बोलत नाही. बायको कामाला जाते, तू घर बघतोस, चांगला माणूस आहेस, माझ्या मुलाला मी तुझं उदाहरण देते. पण दांडी माझी. जा वर."

तेवढ्यात एबो आला, तोंडात ब्रश. एबो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, घानाचा, फरश्यांचा धंदा, अक्राला फरश्या पाठवतो. म्हणतो, "भाऊ, तुला किती वेळा सांगितलं, विजेचं पांघरूण घे. उन्हाशी वैर नको." मी म्हटलं, एबो, विजेचं पांघरूण गादीला आतून उकडतं, वाळवत नाही, आणि माझ्या सासूबाई उद्या येतायत. एबोनं ब्रश तोंडातून काढला. त्याला पण सासू आहे. म्हणाला, "गादी कुठून उचलू, सांग."

आता ऐका. इथून पुढं ऐका.

मी वर बघितलं. सोसायटीच्या दक्षिणेला मोठा टॉवर उभा राहिलाय, नवाकोरा, पावसाळी दिवसांत बांधून संपला, त्यामुळे त्याची सावली अजून कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आणि मी काय करतो दिवसभर? सासूबाईंना जे कळत नाही ते मी तुम्हाला सांगतो. मी खिडकीत बसतो! स्वयंपाक झाला, फरशी पुसली, की चहा घेऊन खिडकीत. त्या ओल्या आठवड्यांत ढग फाटून ऊन मधेच तुकडा तुकडा पडायचं ना, मी भुकेल्या माणसासारखा बघायचो ते कुठं पडतंय. आणि मला आठवलं, दुपारच्याला चौकात कधी पडलं नाही. त्या टॉवरची सावली असते तिथं. पडायचं ते पलीकडे, कालव्याकडच्या तारेच्या जाळीवर. तिथं कोणी काही वाळत घालत नाही, कारण सकाळी बघाल तर तिथं अंधार.

मी म्हटलं, "मावशी, हे ऊन जेवणापर्यंत टिकायचं नाही."

मावशी हसली. सगळ्या हसल्या. "इंदूला ऊन कळतं!"

मी आणि एबो गादी घेऊन कालव्याकडे. गारठा तिथं असा की एबोनं टोपी कानावर ओढली. तिथं सावलीत, त्या थंडगार जाळीवर, मी गादी टाकली, दुलई टाकली आणि उभा राहिलो. चौकातून हसण्याचा आवाज. कोणीतरी येऊन बघून गेलं आणि तिकडे सांगितलं, इंदूनं सावलीत गादी वाळत घातली, तर अजून हशा. खरं सांगू? मलाही वाटायला लागलं, आपण गाढव आहोत. चौकात मी बघितली ती सावली टॉवरची नसून ढगाचीच असली तर? उद्या सासूबाई झोपणार कुठं? एबो म्हणतो, "भाऊ, अजून वेळ आहे, पांघरुणाचं दुकान उघडं असेल." मी म्हटलं, गप. थांब जरा. आणि मग थोड्या वेळानं मलाच म्हणावंसं वाटलं, कुठलं दुकान रे?

आणि मग आलं ते. आधी जाळीच्या कोपऱ्यावर, बोटभर. मग दुलईच्या कडेवर. मग सगळ्या दुलईवर, पिवळंधमक, जाड, मी हात ठेवला तर हाताला ऊब. मी एबोला मिठी मारली. आणि चौकाकडे बघितलं तर टॉवरची सावली दांड्यांवरून पुढं सरकत चाललेली, एकेक दुलई गिळत, लाल चिमटा गेला, हिरवा गेला, आणि शेवटी बाईसाहेबांचा निळा!

आधी पाच नंबरवाली आली. दुलई हातात, नजर जमिनीकडे. मी जाळीवर हात फिरवला, या म्हटलं. मग दुसरी. मग रांगच लागली. मी उभा राहून जागा वाटत होतो, तुम्ही इकडे, आजी तुम्ही कोपऱ्यात, वारा लागणार नाही. अहो, मला लग्नातसुद्धा इतकी कोणी किंमत दिली नव्हती! सगळ्यात शेवटी चौ मावशी. माझ्यासमोर उभी. मीही उभा. मनात म्हटलं, बोलू का? बोललोच. "मावशी, या की. ऊन काय कुणाच्या बापाचं असतं का?"

तिच्याकडे वेताचं झोडपणं असतं, ते तिनं उचललं, मला वाटलं आता बसतंय पाठीत, पण तिनं माझी दुलई बडवायला घेतली. धप, धप, धप. धूळ उडाली. "अशी बडवायची. एका बाजूनं नुसती टाकून चालत नाही, उलटायची. आणि ऊन कलायच्या आत घरात न्यायची, नाहीतर पुन्हा ओल धरते." मग हळूच, "तुला कसं कळलं रे?" म्हटलं, दिवसभर खिडकीत बसतो. तिनं मान डोलावली, अगदी गंभीरपणे. "असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत पाहिजे." ऐकलंत? पाहिजे, म्हणाली. मी ते वाक्य घरी येऊन ऊर्मिलाला ऐकवलं, दोनदा ऐकवलं, तिनं लिहून दे म्हटलं असतं तर लिहूनही दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. विमानतळावरून घरापर्यंत एकच वाक्य, "किती गार करून राहिलं गं इथं." घरात आल्या, सगळ्या खोल्या बघितल्या, कोपऱ्यात बोट फिरवून बघितलं, आणि गादीवर बसल्या. मी दारात उभा. हाताखाली दाबून बघितली. दुलई नाकाला लावली. आणि तुम्हाला सांगतो, ती बाई हसली. "ऊर्मे, उन्हाचा वास येऊन राहिला याला. आपल्या गच्चीवरच्या गाद्यांसारखा." मग माझ्याकडे बघून, "जावईबापू, तुम्ही केलं?" केलं, म्हटलं. तेवढ्यात चौ मावशी तिळाचं सारण भरलेल्या तांदळाच्या गोळ्यांचा डबा घेऊन हजर. "इंदूची सासू ना? घ्या. ठाऊक आहे, तुम्ही गवत खाता, डुकराची चरबी घातलेली नाही." सासूबाईंना शब्द कळला नाही, तीळ कळले. दोघी हातात हात धरून बसल्या, ही चंद्रपुरी बोलते, ती निंगबोची बोलते, आणि अधूनमधून दोघी माझ्याकडे बोट दाखवतात. जिंकलो. अहो, पूर्ण जिंकलो.

मग आठ दिवसांनी सासूबाईंनी परतीचं तिकीट पुढं ढकललं. म्हणाल्या, चंद्रपुरात ऊन आहे पण त्याची किंमत करणारं माणूस नाही, आणि ही गादी सोडून मला कुठं जाववत नाही. ऊर्मिला आईच्या कुशीत, त्याच गादीवर, माझ्या हातानं वाळवलेल्या दुलईत. घरात गादी एकच, आणि कोरडी जागा तेवढीच.

आणि मी? मी बाहेरच्या सोफ्यावर. गच्च ओला आहे. वाळवला असता हो, जाळीवर जागा आहे, मावशीनं माझ्या नावानं चिमटाही लावून ठेवलाय… पण सोफा लिफ्टमध्ये मावत नाही.