लहान बॅटरीची गाडी अन् आमचा मामा

गाडी घ्याले जाताना आमच्या मामाले सोबत नेऊ नका. नागपूरच्या लकडगंजात त्याचं लाकडाचं दुकान आहे. मी चार्जिंगवरही अन् पेट्रोलवरही चालणारी गाडी पसंत केली होती, बायकोनं रंगही ठरवला होता. तरी शोरूममध्ये मामा सोबत आलाच.

मामानं सेल्समनले विचारलं, “बॅटरी एवढी लहान काहून?”

“सर, लोकांचं रोजचं जाणंयेणं तेवढंच असतं.”

“मंग पेट्रोलची टाकी एवढी मोठी काहून?”

सेल्समननं हसून माहितीपत्रक पुढं केलं.

मामानं ते बाजूले सारलं, “मोठ्या बॅटरीवाली येऊन राहिली का?”

“येईल सर. पण सध्या हीच बेस्ट आहे.”

मामानं मले हात धरून बाहेर आणलं. मी चिडलो, “तुले कशातही संशयच येते का गा?”

मामा म्हणाला, “दुकानात जाड सागवान मी मागच्या खोलीत ठेवतो. समोरचा पातळ माल खपल्याशिवाय त्या खोलीचं कुलूप उघडत नाही. यायची मोठी बॅटरीही तशीच कुलपात आहे.”