पेशंट कोण?

स्मृतितज्ज्ञांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या आजींनी मासिक उघडलं. कान मात्र शेजारच्या बाकाकडे. तिथे एक म्हातारी आपल्या मुलाच्या आणि मुलीच्या मध्ये बसली होती.

“दादा, आईला काही आठवत नाही. तू तुझ्याकडे ने.”

“मी? बाबा गेले तेव्हा तूच म्हणालीस, आईला मी सांभाळीन.”

“मी? छे! तूच रडत म्हणालास, आई मला जड नाही.”

“असं मी कशाला म्हणेन?”

“दोघंही म्हणाला होतात,” म्हातारी म्हणाली. “हा दाराशी, ही ओट्यापाशी.”

“आई, तू गप्प बस. तुला आठवत नाही.”

“डोक्यात मावणार तरी किती, आई?” मुलानं री ओढली.

“खरंय रे बाबा. तुमचं नेमकं तेवढंच सांडलं.”

नर्सनं दार उघडलं. “पेशंट कोण?”

“ही दोघं,” म्हातारी उठत म्हणाली. “मी सोबत आलेय.”