एकवीसवाली चिप

...आणि हात जोडून सांगितलं होतं हो, बाबांनो, काहीही करा पण चिप काढू नका! ऐकतंय कोण? तुम्हाला सांगतो, समुद्र एकवेळ ऐकेल, पण आमच्या बोका प्रिएताचे कोळी? नाव नको!

आता मी कोण? मी विलफ्रिडो, या गावचा जावई, मोबाइल कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेला. वादळाचा इशारा मिळावा म्हणून कंपनीनं कोळ्यांच्या सोसायटीला एकतीस फोन दिले, त्यांत सेटिंग भरायची ती मी. प्रत्येक चिपला, म्हणजे सिमकार्डाला हो, पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो, तो यंत्रात टाकला की त्या चिपची सेटिंग त्या फोनात उतरते, आणि एकदा जोडी जमली की फोन दुसऱ्या चिपला दारात उभं करत नाही! एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून! तीन दिवस डोळे फोडले, मान आखडली... शनिवारी राजधानीतून ओदालिस मॅडम येणार, एकतीसच्या एकतीस फोन वाजले तर मी कायम, नाहीतर घरी बसा. घर कुणाचं? सासूचं! दोन्या क्लेओफेचं, म्हणजे क्लेओफेबाईंचं, सोसायटीचा मासा तोलतात त्या! आता कळलं, हात का जोडत होतो ते?

म्हणून सांगत होतो, चिप काढू नका!

शुक्रवारी फोन वाटले आणि मी वळतोय न वळतोय तोच तिबुर्सिओ म्हातारा बोंबलला म्हणे, "अरे, माझ्या नंबराच्या शेवटी तेरा! तेरा घेऊन समुद्रात जाऊ? आणि या टकल्याला एकवीस?" एकवीस म्हणजे आल्टाग्रासिया मातेच्या सणाची तारीख हो! झालं, पेटलं! कुणाला मातेचा आकडा हवा, कुणाला होडीचा, एक शहाणा म्हणे, "माझ्या स्वप्नात बकरी आली होती, मला बकरीचा आकडा द्या." बकरीचा!! आमच्याकडे स्वप्नात दिसेल त्या जनावराचा लॉटरीचा आकडा ठरलेला हो! टाचणीनं चिपा उचकटल्या, टोपीत कालवल्या, भांडून भांडून वाटून घेतल्या.

हे मला कळलं कधी? शनिवारी, किनाऱ्यावर, मॅडमनी इशारा सोडल्यावर! सगळं गाव फोन वर धरून उभं... आणि शांतता. मी मनात म्हटलं, माते, निदान एक तरी वाजव! आणि वाजला. सासूच्या अ‍ॅप्रनच्या खिशात! "मला कशाला तसले आकडे?" सासूबाई म्हणाल्या. "जावयानं दिलेली वस्तू, मी प्लास्टिकच्या पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती."

मॅडम माझ्याकडे बघतायत, मी वाळूकडे. "चिप काढू नका, हे सांगितलं नव्हतंत?" सांगितलं होतं हो, घसा सुकेपर्यंत! आणि तिबुर्सिओ खांद्यावर हात ठेवून काय म्हणतो? "जावईबापू, तोंड का पाडता? आकडे कसे झकास जमलेत बघा!"

तेवढ्यात सासूबाई पिंपावर चढल्या. "मेल्यांनो! ज्याची चिप त्याच्या फोनात, नाहीतर उद्यापासून तुमचा मासा मी तोलणार नाही!" अहो, अर्ध्या तासात रांगेनं चिपा परत! बकरीवालासुद्धा! मॅडमनी पुन्हा बटण दाबलं, एकतीसच्या एकतीस फोन कोंबड्यांसारखे आरवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. मी पुढं झालो, मॅडमनी हात पुढं केला... तो माझ्या बाजूनं थेट सासूबाईंकडे गेला. "दोन्या, गाव तुमचं ऐकतं. कंपनीत येता का? कायम?"

मी घरी येऊन पलंगावर आडवा. बायको मिल्केया आली, केळी तळत होती, हात पुसत शेजारी बसली, म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतोस? नोकरी घरातच राहिली ना!"