कॉलिनच्या स्वागताचा चहा

हॅलो?... हॅलो, कोण?... डल्सी! बरं झालं बाई, तूच केलास. थांब, हात पिठाचे आहेत माझे, रिसीव्हर खांद्यात धरते... हं. नाही, तू नंतर बोल, आधी माझं ऐक. स्पंज केकला अंडी किती घालतेयस?... अगं चार कशी पुरतील? मागे चर्चच्या चहाला तुझा स्पंज पायपुसण्यासारखा बसला होता. सगळ्यांनी खाल्ला, कारण तू समोर उभी होतीस.

हो, हो... ऐकतेय ना. पण हे आधी ठरवू. उद्या सहाच्या गाडीनं कॉलिन उतरणार, सातला हॉल. ह्यांनी सकाळपासून शिडीवर चढून पताका लावल्यात. दोन वर्षांनी लढाईवरून पोरगा घरी येतोय माझा, उगाच नाही. साठ माणसं धरलीत मी. सॉसेज रोल तुझ्याकडे, सँडविचेस माझ्याकडे, आणि चहा...

काय म्हणालीस?

रद्द? काय रद्द?... उद्याचं? कॉलिनचं स्वागत रद्द?

कोण म्हणतं?... तू? तू कोण गं म्हणणारी? हॉलचा अध्यक्ष तुझा नवरा, तू नव्हेस. लेसनं पढवलंय ना तुला?... नाही म्हणू नकोस. थोरली आहे मी तुझी. खोटं बोलायचं असलं की तुझा आवाज असाच घोगरा होतो, शाळेत असल्यापासून.

मग तुझ्या लेसला विचार माझ्या नावानं. पोरं निघाली तेव्हा ह्याच हॉलच्या स्टेजवर छाती काढून भाषण कोणी ठोकलं होतं? ‘आपल्या खोऱ्याचे दोन पठ्ठे, कॉलिन आणि नेव्हिल!’ टाळ्या काय, राणीचं गाणं काय! आणि आता मेलबर्नच्या रस्त्यावर लाखभर माणसं पाट्या घेऊन फिरली, तर लगेच तुझ्या लेसनं शेपूट घातलं? व्हिएतनाम म्हटलं की इकडे तिकडे बघायला लागला? एवढीच का ती छाती?

अगं ऐक ना, मधे बोलू नकोस. मला सगळं कळतंय. त्या माजी सैनिकांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी लेसचे कान भरलेत. वॉली ट्रेथवी माझ्या तोंडावर म्हणाला, ‘थेल्मा, ही काही खरी लढाई नव्हे.’ मिशीला बिअरचा फेस तसाच! हा वॉली म्हणे खरा लढवय्या. मागची सबंध लढाई ब्रिस्बेनच्या छावणीत बटाटे सोलण्यात गेली मेल्याची! मी म्हटलं, वॉली, आयडा कूम्बचा नेव्हिल पेटीतून घरी आला. ती पेटीसुद्धा खोटी होती का रे? ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

आणि ते पेन! मला कळलंय हं ते. मागच्या लढाईतून आलेल्या प्रत्येक पोराला कमिटीनं नाव कोरलेलं घड्याळ दिलं होतं. माझ्या कॉलिनला पेन? ह्यानं काय, जंगलात बसून निबंध लिहिले का दोन वर्षं?

हे... ऐकलंस? टक् वाजलं बघ. उचलला. प्राउसबाई असणार... प्राउसबाई, नमस्कार! नीट ऐकू येतंय ना? की मोठ्यानं बोलू?... बघ, श्वाससुद्धा सोडत नाही बया. आमच्या ह्या लाइनवर तीन घरं, आम्ही, आयडा आणि ह्या. तिघांची घंटा वेगळी, तार एकच, कोणीही उचललं की सगळं ऐकू येतं. पण ह्यांना सगळ्याच घंटा आपल्याच वाटतात! उद्या मी शिंकले तर दूधवाल्याला आधी कळेल.

हं, बोल... ग्रॅहम? आता ग्रॅहमचं काय मधेच?... हे बघ डल्सी, तुझा मुलगा आहे, माझा भाचा आहे, सगळं खरं. पण त्याचं नाव आज माझ्यापुढे काढू नकोस. का, पुन्हा पकडला का पोलिसांनी?... मग? केस तरी कापले का? नाताळात आला होता तेव्हा मला वाटलं, तुमच्या व्हरांड्यात कुणी मेंढी बांधून ठेवलीय.

अगं एका पाळण्यात वाढली दोघं! लढाईवर कोणाला धाडायचं म्हणून सरकारनं पोरांच्या जन्मतारखा पिंपात घातल्या, क्लबात कोंबडीची सोडत काढतात ना, तशी सोडत काढली. माझ्या पोराची तारीख निघाली, तुझ्याची नाही निघाली. त्यावरून मी तुला कधी एक शब्द बोलले का?... बोलले? कधी?... बरं, बोलले असेन. एकदा... दोनदा असेल. पण सुटलास ना बाबा, मग घरात गप्प बसावं! युनिव्हर्सिटीत जाऊन हे दिवे लावायचे? रस्त्यात आडवं पडायचं, आणि आपल्याच मावसभावाला खुनी म्हणायचं?... तो नाही म्हणाला? त्याच्या शेजारचा म्हणाला? अगं एकच फलक होता, एक टोक ह्यानं धरलेलं, दुसरं त्यानं! वर्तमानपत्रात फोटो बघितलाय मी. अकलेचे कांदे सगळे. बापाच्या गाईंच्या दुधावर पोसलेले हात, आणि त्यात फलक. कॉलिन येऊ दे, बघते हा ग्रॅहम त्याच्या डोळ्याला डोळा कसा देतो ते...

काय ‘थेल्मा, थेल्मा’ लावलंयस? बोल की मग!

...कुठे?

तुझ्याकडे?... अगं काहीतरीच काय, गाडी उद्याची आहे. त्यानं पत्रात लिहिलंय, शनिवारी सहाची...

काल रात्री.

म्हणजे आत्ता... तुझ्या स्वयंपाकघरात? माझा कॉलिन?... आणि तो हे सगळं... मी एवढ्या मोठ्यानं बोलतेय, सगळं ऐकू जातंय त्याला?... देवा.

थांब, थांब. मेलबर्नहून आला कसा? आणलं कोणी?

...ग्रॅहमनं.

नाही, ऐकलं मी. पुन्हा नको सांगूस. उतरल्या उतरल्या ग्रॅहमला फोन केला. मला नाही केला, त्याला केला... नाही गं, राग कसला. राग नाही. मी जरा बसते... हं. जेवला का काल?... काहीच नाही? नुसता चहा? अगं बटाट्याबरोबर मटण दे, ग्रेव्ही जास्त घाल, त्याला... आणि झोपला कुठे?... जमिनीवर का? एवढा पलंग आहे तुमच्याकडे!... आणि ग्रॅहम?... रात्रभर? भिंतीला टेकून, त्याच्या शेजारी?

...बरं.

मग हे आधी का नाही सांगितलंस गं बये?... हो. मी बोलू दिलं नाही. खरं आहे.

दे त्याला... नको म्हणतोय म्हणून काय झालं? आई आहे मी. कानाला लाव त्याच्या.

कॉलिन?... सोन्या, आहेस ना?... काही बोलू नकोस. नुसता राहा लाइनवर, मी बोलते. तुझे बाबा बरे आहेत. तांबडी गाय व्यायली. तुझी खोली मी रंगवली, म्हणजे ह्यांनी रंगवली, मी चुका काढल्या... हसलास? हसलास ना?

आणि युनिफॉर्म कुठाय तुझा? मी म्हटलं होतं, युनिफॉर्ममध्ये एक फोटो काढू... पिशवीत? का?... कोणी सांगितलं?... विमानतळावर? अंधार पडल्यावर उतरवलं, आणि साधे कपडे घालून मागच्या दारानं जा म्हणाले? कोण म्हणालं? फलकवाले?... आपलेच साहेब? वा रे वा! पाठवताना बँड आणि आणताना मागचं दार! चोर भरून आणले होते का विमानातून? कसली ही माणसं! ह्यांच्या तोंडावर थुंकायला मला कुणी बोलावलं ना, तर मी स्वतःच्या खर्चानं जाईन.

बरं बाबा, स्वागत नको तर नको. मला काय, पताका काढायला किती वेळ लागतो? लेसचं भाषण नको असेल तर लेसच्या तोंडात मी तुझ्या मावशीचा स्पंज कोंबते, दोन तास काही बोलणार नाही... तसं नाही? मग कसं?

आयडा?... हो, येणार आहे ना. म्हणजे काय, चहा तीच ओतणार. आपणहून मागून घेतलं तिनं ते काम. काय म्हणाली माहितेय? ‘थेल्मा, पहिला कप कॉलिनला मी देणार, माझ्या हातानं.’ अरे तिला तुझा राग कशाला येईल? तू परत आलास आणि नेव्हिल नाही आला, असं एकदाही आलं नाही रे तिच्या तोंडून. तिला फक्त विचारायचंय तुला. शेवटी काही बोलला का, एवढंच... तूच सोबत होतास ना. बाकी तिला तारेतून कळलंच होतं. शत्रूच्या सुरुंगानं गेला, तत्काळ गेला, वेदना झाल्या नाहीत. त्या एका शब्दावर उभी आहे बघ ती बाई. तत्काळ. कोणीही भेटायला आलं की तेवढंच सांगते.

...काय नाही?

तत्काळ नाही?

म्हणजे... किती वेळ?... दुपारभर? कॉलिन, दुपारभर म्हणजे... शुद्धीवर होता?

अरे पण तारेत शत्रूचा सुरुंग... मग कुणाचा? आपला? आपला म्हणजे काय, आपल्याच लोकांनी पुरलेला?... सावकाश बोल, मला कळत नाहीये... म्हणजे आपण ते शेतभर सुरुंग पेरले, भोवती कुंपण घातलं. मग त्यांची माणसं रात्री यायची, उकरून न्यायची, आणि आपल्याच पोरांच्या वाटेवर पुन्हा पुरायची? आणि वरच्यांना हे ठाऊक होतं?... ठाऊक होतं. मग राखायला कोण होतं तिथं?... कोणीच नाही? शाबास! अरे मी वासरांच्या कुरणाला साधी तार ओढली, तरी दोन वेळा फेरी मारून बघून येते! ह्या साहेबांच्या अंगावर एवढी पदकं लटकतात, आणि ह्यांना एक कुंपण राखता येईना? आणि तारेत पुन्हा तोंड वर करून लिहायचं, शत्रूनं मारला! स्वतः पेरायचं, पोरांनी त्यावर पाय द्यायचा, आणि आईला तत्काळ म्हणून कळवायचं. नादान! भेकड!

आणि हेलिकॉप्टर? ते का नाही आलं?... जवळपास आणखी सुरुंग असतील म्हणून? मग तुम्ही काय केलंत?... तू? तू एकटा गेलास त्याच्यापर्यंत?... गुडघ्यांवर, चाकूनं माती चाचपत... अरे माझ्या राजा.

काय म्हणत होता तो?

...आईला हाका मारत होता.

सबंध वेळ?

आणि तू काय सांगितलंस त्याला?... ‘येतेय तुझी आई.’

कॉलिन, पुरे. पुरे, सोन्या. हे फोनवर नको. तू घरी ये, मग मला सगळं सांग, पाहिजे तेवढ्या वेळा सांग. ह्या लाइनवर नको... प्राउसबाई! खाली ठेवा तो फोन! ठेवा म्हणते ना! आणि लक्षात ठेवा, ह्यातला एक शब्द जरी आयडाच्या कानावर गेला, तर मी तुमच्या दारात येऊन...

हं. ऐकलंस? टक्. ठेवला तिनं. तेवढी तरी लाज आहे म्हणायची. आता तू...

कोण?

प्राउसबाई? तुम्ही... तुम्ही अजून आहात लाइनवर?

रडताय कशाला?... मग आत्ता ठेवला तो कोणी?

...

आयडा?... आयडा, तू होतीस?... हॅलो?... आयडा!

नाही, कॉलिन, नाही. तुझं काही चुकलं नाही. ऐक माझं. तू सांगत होतास, मी विचारत होते. मीच ओरडून ओरडून विचारत होते. तिनं फोन करायला उचलला असेल रे, चहाच्या भांड्याचं विचारायला... किती वेळ होती, प्राउसबाई?... त्याचा आवाज आल्यापासून.

मी निघालेय तिच्याकडे. मागच्या शेतातून पाच मिनिटं लागतात... नको, तू कशाला? तू नको येऊस, मी बघते... कॉलिन, तुला जमणार नाही ते...

...हो. हो, तूच होतास तिथं. मी नव्हते.

मग ये. ग्रॅहमला म्हणावं गाडी काढ. त्यालाही घेऊन ये आत, बाहेर गाडीत बसवू नकोस... आपल्या घरी नको थांबूस. सरळ तिच्या दाराशी ये. ठेवते मी.