मॅनेजरसाहेबांच्या दारातला गाळ

मी, फिलोमिना डर्नफर्ड, वय ५८ वर्षे, धंदा शेवंड (लॉब्स्टर) पकडणे, राहणार रॅटल कोव्ह, न्यूफाउंडलंड, समक्ष ठाण्यात हजर राहून जबाब देते की, सॅमनपालन कंपनीचे मॅनेजर श्री. ट्रेव्हर हॅलिडे यांनी माझ्याविरुद्ध दारात घाण टाकल्याची तक्रार दिली आहे. ती मला वाचून दाखवली.

घाण मी टाकली नाही, ठेवली. झाकणाच्या बादलीत, मागच्या दारी. पुढच्या दाराने आमच्याकडे पाद्री येतो, नाहीतर शवपेटी जाते. बादलीला लाथ साहेबांचीच लागली. ते फोनवर बोलत होते. गाळ सांडला तो त्यांच्या पायपुसण्यावर.

आमच्यात रीत आहे. कोणाचा दोर, बोया, वल्हं आपल्या सापळ्यात आलं, तर मालकाच्या मागच्या दारी नेऊन ठेवायचं. कंपनीचे मासे पाळायचे पिंजरे खाडीत आल्यापासून माझ्या सापळ्यांत शेवंड कमी आणि माशांच्या विष्ठेचा, उरल्यासुरल्या खाण्याचा काळा गाळ जास्त येतो. मी सॅमन पाळत नाही. सबब माल मालकाकडे पोचवला.

गावच्या सभेत मी गाळाबद्दल विचारलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "मॅडम, हे नैसर्गिक असतं. खतच समजा ना."

माझा दीर अँब्रोज मागून ओरडला, "वहिनी, मग साहेबांच्या बागेत घाल की!" साहेबांना बाग नाही, एवढीच अडचण.

हाही हंगाम असाच गेला, तर बोट विकून मला मुलीकडे अल्बर्टाला जावं लागेल. तिथे समुद्र नाही. मला जायचं नाही. याचा मला फार राग आहे, तोही लिहून घ्यावा.

कॉन्स्टेबल म्हणाले, "मावशी, पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहू का?"

मी म्हटलं, "लिही बाळा. पण साहेबांची तक्रार आणखी एकदा वाच."

माझ्यावर चोरीचा गुन्हाही लागावा म्हणून साहेबांनी सहीनिशी लिहिलं आहे की, सदर गाळ कंपनीच्या पिंजऱ्यांखालून चोरलेला असून तो कुजका, विषारी व आरोग्यास घातक आहे. हेच लिहून मिळावं म्हणून तीन हंगाम मी सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले. साहेबांनी एका पायपुसण्यापायी लिहून दिलं.

चोरी मला मान्य नाही. बाकी साहेबांचं अक्षर न् अक्षर मान्य आहे. तक्रारीची नक्कल द्यावी, ती घेऊन मी इथूनच मत्स्यखात्यात जाते. बोट आज विकत नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बोलणं माझंच आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून सही करते.