सुटलीस तर सोडली

आरं, उसाचा रस अजून पातळ हाय. गुळाची काहील उतरायला लई वेळ हाय. बसा हितं, चुलवाणाची धग घ्या. आन् त्या उलथन्याला हात लावू नगा, चटका बसला की आईच्या नावानं वरडाल.

रावश्या, हात बघू तुझं. काळं वंगण कसलं रं ह्ये?

"सापळा घासला, नाना. माळ्यावर पडलेला आज्ज्याचा. उदमांजरानं आमच्या कोंबड्या संपवत आणल्यात. म्हणून आज लावून आलोय."

लावून आलायस. बरं. कुठं लावलास ते मागनं विचारतो. आधी ऐका. सगळीच ऐका. आन् मधी कुणी खोकलं तर भायेर हाकलीन.

ह्या रावश्याचा आज्जा म्हंजे सत्याप्पा लोहार. तुम्ही त्येला कुठनं बघणार! मी बघितलाय. म्हातारपणी लाकडी पाय लावून ह्याच चुलवाणात उसाची चिपाडं ढकलत बसायचा. पाय कशानं गेला विचारलं की आईबापाचा उद्धार करायचा. एकदाच सांगितलं त्येनं, मी गूळ घोटत असताना. सांगितलं आन् रडला. लोहार माणूस रडताना बघवत न्हाई, बाबांनो.

तर ऐका. सत्याप्पा रातचा घरातनं निघाला. अमुश्या जवळ आल्याली, काळाकुट्ट अंधार. एका हातात कंदील, एका हातात कोयता. घरात बायको गौरा अडल्याली. पयलंच बाळंतपण. दिवस मावळल्यापास्नं कळा, आन् मूल काय येत न्हाई. शेजारणी म्हणाल्या, "आमच्या हातातलं न्हाई रं ह्ये. पलीकडच्या वाडीच्या चंद्राक्काला आण, न्हाईतर दोघंबी जातील." चंद्राक्का म्हंजे सुईण. तिच्या हातानं अख्खा मुलूख जन्माला आल्याला. वाडीला जायला दोन वाटा. बांधावरनं लांबची, आन् वड्याच्या पाण्यातनं जवळची. सत्याप्पानं जवळची धरली. कुणीबी धरली असती.

पण थांबा. आधीचं सांगितलं पायजे, न्हाईतर त्या वाटंवर काय हुतं त्ये तुम्हाला कळायचं न्हाई.

त्या साली उदमांजरांनी कोंबड्यांचा फडशा पाडल्याला. सत्याप्पानं मोटारीच्या पाट्याचं पोलाद आणून दातेरी सापळा घडवला. पयल्यांदा लावला, तर जनावरानं खुंटी उपसली आन् सापळ्यासकट पळालं. दुसऱ्या खेपेला दाव्यानं बांधला, तर दावं कुरतडलं. तिसऱ्या खेपेला साखळी लावली, पहार ठोकली. सकाळी बघतोय तर सापळ्यात नुसता पंजा! पाय पिळून पिळून तोडला आन् गेलं जनावर. पारावर माणसं हसायला लागली. "काय सत्याप्पा, आज कुठला पाय घावला? पुढचा का मागचा?" झोंबल्या की नाकाला मिरच्या!

मग बसला भात्याम्होरं. जबडं रुंद केलं, म्हंजे कातडं फाटायचं न्हाई. साखळी आखूड केली, म्हंजे पळून हिसका बसायचा न्हाई. साखळीला गरगर फिरणारी कडी बसवली, म्हंजे कितीबी फिर, पीळ पडायचा न्हाई. आन् टोक कुठं? वड्याकाठच्या जांभळीच्या मुळीला वेढा देऊन रिबिट मारलं. गाठ न्हाई, कुलूप न्हाई, सोडायला कायच न्हाई! जबडा उघडायचा तर लांब लोखंडी पारई घालून स्प्रिंगा दाबायच्या. ती पारई घरात, भात्यापाशी टांगल्याली. हुशारी बघा. डोकं हुतंच त्येला. काळीज नव्हतं.

आन् घावलं की! मोठी मादी. थानं दुधानं तटतटल्याली. वर जांभळीच्या ढोलीत पिल्लं च्यँच्यँ करत्यात, आन् ही खाली मुळीभवती गोल फिरतीया. गोल, गोल, गोल. मातीत चाक काढल्यागत रिंगण पडलं. सत्याप्पानं मारली का? न्हाई. सोडली का? न्हाई. गाव बोलावलं बघायला! "बघा, आता तोडा म्हणावं पाय!"

जोतूआबा म्हणून एक जुनं खोड हुतं. त्यो म्हणाला, "सत्याप्पा, मार न्हाईतर सोड. अडकवून ठेवू नगो. पाप लागतंय." गौरानं तर हात जोडलं. पोट ह्ये एवढं म्होरं आल्यालं, आन् उन्हात उभी राहून म्हणती, "आवं, लेकुरवाळी हाय ती. सोडा की." सत्याप्पा हसला. मादीम्होरं उकिडवा बसला आन् काय म्हणाला ठावं हाय? म्हणाला, "सुट की. सुटलीस तर सोडली."

ती फिरत राहिली. मग पडून राहिली. ढोलीतली च्यँच्यँ आधी थांबली. मग ती मेली. ह्या क्रमानं, बरं का. सत्याप्पानं मढं फेकून दिलं, आन् सापळा पुन्हा ताणून तिथंच ठेवला.

आता या वाटंवर.

सत्याप्पा वड्यात उतरला. वारं न्हाई, काय न्हाई, आन् कंदील भप्पकन् विझला. काड्या वल्या. ठीक हाय म्हणाला, पायाखालची वाट हाय. चालला. मागनं आवाज. खळ्‌... खळ्‌. थांबला, तर आवाजबी थांबला. चालला, खळ्‌... खळ्‌. साखळी रं! कुणीतरी साखळी वढत मागनं येतंय!

पळाला. जांभळ मागं टाकली, चढ चढला, आता वाडी येणार. म्होरं बघतोय तर जांभळ! पुन्हा पळाला. पुन्हा जांभळ! चकवा लागला म्हणाला. पायताणं उलटी घातली. सदरा उलटा घातला. जोतिबाचं नाव घेतलं. पुन्हा जांभळ! आन् पायाखाली बघतोय तर काय? वाटच न्हाई. गोल रिंगण. त्या मादीनं तुडवल्यालं. सत्याप्पा तासभर त्याच रिंगणात फिरत हुता, आन् त्येला वाटत हुतं वाडीला चाललोय!

आन् वरनं, ढोलीतनं... च्यँ. च्यँच्यँ.

हसू नगोस रं त्या कोपऱ्यातल्या! तू असतास तर धोतर वलं केलं असतंस.

सत्याप्पा वर बघत मागं सरला. तेवढ्यात झाडाआडनं हाक आली. "कोण हाय? सत्याप्पा का?" चंद्राक्काचा आवाज! हुबेहूब! आता रातच्या पयल्या हाकेला ओ देऊ नये, शेंबड्या पोराला ठावं हाय. पण ज्याची बायको अडली त्यो काय देणार न्हाई? "व्हय आक्का, मीच!" म्हणाला आन् धावला.

खाट्‌!

घोट्यात. त्येचाच सापळा. त्येच्याच हातचा.

किंचाळला. मग हिसका मारला. साखळी आखूड. पीळ घातला. कडी गरगर फिरली. मुळीपाशी हात घातला, रिबिट. जबड्यात कोयता घालून उचकटला, पोलाद हललंबी न्हाई. पारई घरात. एकेक गोष्ट त्येनंच बंद केल्याली, आन् एकेक गोष्ट त्येला आता आठवत हुती.

आन् ती आली. रिंगणाच्या भायेर येऊन बसली, माणसागत उकिडवी. चारी पाय शाबूत. डोळं चुलवाणातल्या इंगळासारखं. थानातनं दूध गळतंय, खाली मातीत. तोंड उघडलं, आन् आवाज कुणाचा? गौराचा!

"सुट की," म्हणाली. "सुटलास तर सोडला."

सत्याप्पा रडला. पाया पडला. "चुकलो गं बाई. माझी गौरा मरंल. लेकरू मरंल. आजच्या दिस सोड. उद्या ये आन् माझा जीव घे."

ती बघत बसली. कशी बघत? जसा त्यो बघायचा तशी.

आन् मग वड्यापल्याडनं, गावातनं, खरी किंकाळी आली. ती भुताची नव्हती. आपल्या माणसाचा आवाज वळखतो माणूस. गौरा वरडली. आन् पुन्हा वरडली, पण बारीक.

हातात कोयता हुता. काय सांगू आता म्होरं? सापळा रुंद जबड्याचा, उदमांजराला पाय कुरतडायला जागाच ठेवली नव्हती. माणसाला घोट्यावर जागा हुती. पटका काढून मांडीला आवळला. पायताणाचं चामडं दातात धरलं. एका घावात झालं न्हाई. लई घाव लागलं. हाडाला कोयता अडकला तवा दोन्ही हातानं हलवून काढला, म्हणाला. ती तोवर तिथंच बसल्याली. पाय सुटला तशी उठली, बाजूला सरली, आन् वाट दिली. शब्दाला पक्की. सुटला तर सोडला.

सरपटत गेला वाडीला. कोंबडं आरवताना चंद्राक्काचं दार वाजवलं. रगताचा पाट बघून ती किंचाळली, पण बाई धीराची. ल्योकाला म्हणाली ह्येला बघ, आन् सोता बांधावरनं पळत गावात आली.

तवर सगळं झाल्यालं. मूल आलं हुतं. गौरा गेली हुती. अंगणात शेजारणी बसल्याल्या, आन् आत अंधारात ते लेकरू तोंड उघडून दूध हुडकत हुतं. च्यँ... च्यँच्यँ.

त्ये लेकरू म्हंजे तुझा बा, रावश्या.

सत्याप्पा म्हणाला, "नाना, तिनं मला सोडलं. मी तिला सोडली न्हवती." एवढंच. मग पुन्हा चिपाडं ढकलायला लागला. पोराला दूध लोकांच्या शेळ्यांनी पाजलं. सापळा जोतूआबानं छिन्नीनं मुळीपास्नं तोडून आणला आन् सत्याप्पाच्याच माळ्यावर टाकला. इकायचा न्हाई, वितळवायचा न्हाई, बघत राहायचं म्हणाला.

म्हणून सांगतो. काय बी हुं द्या, रातचं वड्याच्या वाटंनं जाऊ नगा. घरात कुणी मरत असंल तरी बांधावरनं जावा. लांब पडंल. पडू द्या.

आता सांग, रावश्या. सापळा कुठं लावलास?

आरं मान वर कर की. कुठं?

"...जांभळीखाली, नाना. जुनं रिंगण दिसलं. वाटलं, जनावराची येण्याजाण्याची जागा असंल."

गप बसा समदी! चिपाडं ढकलू नगा. ऐका.

ऐकू आलं? खळ्‌... खळ्‌.

काहील गेली खड्ड्यात. ऊठ रावश्या. मशाल घे. ती पारई घे, भिताडाला टेकल्याली. मी येतो संगं. जिवंत असंल तर सोडायचं, अर्धं मेलं असंल तर एका घावात मारायचं. तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाई. आज्ज्याचा त्यो शब्द तर न्हाईच न्हाई.

आन् तिकडनं न्हवं, गाढवा! बांधावरनं.